साडेतीन इंची चाकू

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, देवळीच्या बसस्टँडसमोरच्या दुकानात रोशनीने तिसरा चाकू उघडला, मिटला आणि काचेवर ठेवला. तिचा नवरा आदेश वारला त्याला सतरा दिवस झाले होते. दुपारी बाराला तिला मधुकररावांच्या रोपवाटिकेत पोचायचं होतं, तेही स्वतःचा चाकू घेऊन.

रोपवाटिका देवळीपासून चार किलोमीटरवर, कॅनॉलच्या पलीकडे. तिथे जंबेरी लिंबाची रोपं रांगेने उभी असतात आणि थंडी पडली की त्यांच्या खोडात संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, कलमासाठी भरतात. हे काम जोडीचं. एक जण सालीत चीर पाडतो, संत्र्याच्या काडीवरून नखाएवढा डोळा उतरवतो आणि चिरेत सरकवतो. दुसरं माणूस मागून प्लास्टिकची पट्टी आवळून बांधतं. भरणारे पुरुष, बांधणाऱ्या बाया. असा काही नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण दुसरं काही कोणी पाहिलेलंही नव्हतं. आदेश भरायचा, रोशनी बांधायची. अकरा हंगाम झाले होते.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मधुकररावांकडे गेली. आदेशच्या वाट्याच्या तीन रांगा बाकी होत्या.

"डोळे भरता येतात का तुले?" त्यांनी विचारलं.

"येतात."

"कदी भरले?"

"भरले नाई. पाह्यले."

मधुकररावांनी तिच्या हातांकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण रोप मेलं की त्यांना रात्री झोप लागत नसे. "बुधवारी बाराले येजो," ते म्हणाले. "चाकू आपला आनजो, मी देत नसतो. चाळीस रोपांची एक रांग देतो. एकवीस दिवसांनी मी सोता पट्ट्या उघडतो. डोळे लागले असन त बाकीच्या दोन रांगा तुह्या, अन् पुढचा हंगामबी तुहा. नाई लागले त गोपालच्या मांग बांधजो."

गोपाल त्यांचा दुसरा भरणारा. त्याच्या मागे बांधायलाही कोणीतरी लागत होतंच. म्हणजे रोशनी उपाशी मरणार नव्हती, हे तिला कळत होतं. फक्त ती रांग आदेशची होती आणि ती गोपालच्या नावाने उभी राहील, एवढंच. याचं वाईट वाटायला हवं होतं. तिला या सतरा दिवसांत काहीच नीट वाटलं नव्हतं. भाकरी तोंडात घातली की चावायची, कोणी रडलं की बाजूला बसायचं.

आदेशचा चाकू घरातच होता. सेवाग्रामच्या दवाखान्यातून पिवळी पिशवी मिळाली होती, तिच्यात त्याचा शर्ट, चपला, मोबाइल आणि चाकू. ती पिशवी सासूने, चतुराबाईने, आपल्या खाटेखाली ठेवली होती. गाठ अजून दवाखान्यातल्या बाईने मारलेलीच होती. सकाळी रोशनी निघाली तेव्हा चतुराबाई खाटेवर बसून तांदूळ निवडत होती.

"कुठं चालली?"

"देवळीले. चाकू आनाले."

चतुराबाईने टाचेने पिशवी अजून थोडी आत सरकवली आणि पुन्हा तांदळात बोटं घातली. रोशनीने ते पाहिलं आणि चप्पल घातली.

दुकानदार चंदन बडबड्या होता. चाकू हातात न देता तो काचेवर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाने उचलायचा. हातातून हातात चाकू गेला की भांडण होतं, असं तो मानायचा. त्याच्याकडे घडीचे तीन पात्यांचे चाकू होते, लाकडी मुठीचे, तीन मापांत. मोठं पातं काडी छाटायला, मधलं डोळा उतरवायला, सगळ्यात लहान पातं कोवळ्या फांदीला. शिवाय साल उचकटायला मुठीच्या टोकाशी पितळेची चपटी जीभ.

"भाऊंसाठी का?" चंदनने विचारलं.

"माह्यासाठी."

"तुमी भरता? बायका त बांधतात वो ताई."

"आता भरतो."

"भरा भरा. सरकार बी बायकांचं हाय," चंदन म्हणाला आणि स्वतःच हसला. "हात दाखवा. असा. मिटलेला चाकू तळहातावर आडवा ठेवाचा. दोन्हीकून अर्धं अर्धं बोट बाहेर आलं, त बरोबर माप. आत लपला त लेकराचा. अन् हा पाहा, इतका बाहेर आला, त समजाचं का नवऱ्याचा उचलला."

रोशनीने आपल्या तळहाताकडे बघितलं. साडेतीन इंची चाकू दोन्हीकडून बोटभर बाहेर आला होता. मग तिने तीन इंची ठेवून पाहिला, तोही थोडा जास्तच बाहेर. पावणेतीन इंची ठेवला तो बरोबर बसला. बोटं त्याच्याभोवती आपोआप मिटली.

"झालं," चंदन म्हणाला. "हाच तुमचा. बांधू का कागदात?"

तिने पावणेतीन इंची उघडला आणि मिटला. टिक्. तीन इंची उघडला, मिटला. आवाज तसाच, थोडा जाड. मग साडेतीन इंचीचं मधलं पातं नखाने ओढलं आणि सोडलं.

टक्.

तिने ते पुन्हा केलं.

बाकीचे भरणारे दिवसभर चाकू उघडाच ठेवत. आदेश मात्र दर डोळ्यामागे मिटायचा. पहिल्या हंगामात तो रोपावरून हात मागे घेत होता आणि ती पट्टी घेऊन पुढे वाकली होती, तेव्हा तिच्या मनगटाला पातं लागलं. चार टाके पडले. तेव्हापासून डोळा भरला की टक्, आणि मग तिचा हात पुढे. दोघं काम करताना बोलत नसत. अकरा हंगाम तिने तो आवाज ऐकला होता. चाकू मात्र एकदाही हातात घेतला नव्हता. भरणाऱ्याच्या चाकूला बांधणारीने हात लावायचा नसतो, पट्टीचा चिकटा पात्याला लागतो म्हणून. चाकूचं तिला जे ठाऊक होतं ते कानाने.

"हा द्या," ती म्हणाली.

"ताई, हा तुमच्या हाताले मोठा हाय."

"असू द्या."

"बरं. पन एकदा पात्याले चीक लागला का बदलून भेटत नाई. मांगून म्हनसान चंदनने सांगतलं नाई."

"सांगतलं तुमी," रोशनी म्हणाली.

बाराला पाच मिनिटं कमी असताना ती रांगेच्या तोंडाशी पोचली. या रोपवाटिकेत प्रत्येक भरणारा आपल्या रांगेच्या टोकाला खुंटीला एक चिंधी बांधतो; मधुकररावांना लांबून कळतं, कोणती रांग कोणाची. आदेशची चिंधी निळी असायची. या रांगेच्या खुंटीला काही नव्हतं.

बांधायला रुखमा आली होती. ती गोंड, साठीची, गोपालच्या मागे बांधायची. गोपालने तिला आजच्यापुरतं सोडलं होतं. तो शेजारच्या रांगेतून म्हणाला, "वहिनी, रुखमाबाईले सांभाळा. मले रोज शिव्या देते, तुमाले सवय नाई."

"तू कामच तसं करतं," रुखमा म्हणाली. "आज बाईच्या हाताखाली हावो मी. आज माह्यं तोंड बंद राह्यते."

मधुकररावांनी संत्र्याच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणून ठेवल्या आणि ते विहिरीकडे गेले. बघत उभं राहायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं.

रोशनी पहिल्या रोपाशी उकिडवी बसली. जमिनीपासून वीतभर वर तिने चीर पाडली, ती बरोबर पडली. पितळेच्या जिभेने साल उचकटली, तीही सुटली. मग तिने काडी डाव्या हातात धरली आणि मधल्या पात्याने डोळा उतरवायला घेतला. मूठ तळहातातून मागे बाहेर निघत होती. अंगठा पात्याच्या टोकापर्यंत पोचत नव्हता, म्हणून जोर मनगटातून येत होता आणि पातं तिरपं न जाता खाली घुसत होतं. डोळा उतरला. त्याच्या पाठीला लाकडाचा जाड पापुद्रा होता.

तिने तो चिरेत सरकवला. चाकू मिटला. टक्. आणि ती थांबली, कारण आता हात पुढे करायचा होता, आणि तो तिचा नव्हता. रुखमाने पट्टी पुढे केली, पण बांधली नाही.

"लाकूड आलं वं," रुखमा हळू म्हणाली.

"दिसलं."

"नाई धरत असा."

रोशनीने तो काढून टाकला. दुसऱ्या रोपाला चीर, दुसरा डोळा. लाकूड. तिसऱ्या रोपाशी डोळा दोन तुकड्यांत निघाला. रोशनीने तिन्ही डोळे आपल्यासमोर मातीवर ओळीत ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. हात थरथरत नव्हता. थरथरला असता तर काहीतरी कारण तरी सापडलं असतं.

"इकडं दाखव," रुखमा म्हणाली. चाकूला हात न लावता तिने मान वाकवून बघितलं. "काऊन आनला वं इतका मोठा? हा त आदेशवानी हाय."

"हो."

रुखमाने पट्टी मांडीवर ठेवली. "बाई," ती म्हणाली, "तिसरं पातं काढ. बारकं."

"ते फांदीचं हाय."

"असू दे. पात्याले का ठाऊक हाय ते कायचं हाय?"

रोशनीने चौथ्या रोपाला चीर पाडली आणि लहान पातं उघडलं. मूठ तीच होती, पण पातं आखूड असल्यामुळे तिला हात पार पुढे नेऊन पात्याच्या बुडाशी धरता आलं. मागची मूठ मनगटाखाली लोंबत राहिली, नको असलेल्या वस्तूसारखी. अंगठा काडीवर टेकला. पातं सालीखालून सरकलं आणि डोळा निघाला, पातळ, पाठीला ओला. देठ शाबूत.

"हां," रुखमा म्हणाली.

रोशनीने डोळा चिरेत सरकवला आणि चाकू मिटला.

लहान पात्याचा आवाज वेगळा होता. टिक्. पावणेतीन इंचीचा होता तसाच.

तिने तो ऐकला आणि पुढच्या रोपाशी सरकली. त्यानंतर तिने चाकू मिटला नाही. रुखमा तिच्या मागे दोन हात अंतर ठेवून येत होती आणि दर वेळी बांधण्याआधी पात्याकडे पाहत होती. मध्ये एकदा गोपालने ओरडून विचारलं, "वहिनी, चहा?" आणि रुखमाने त्याला, तोंड बंद ठेवायचं ठरलेलं असताना, एक शिवी दिली. साडेपाचला उजेड कमी झाला तेव्हा चाळीसही रोपांना पट्ट्या लागल्या होत्या. पहिल्या तीन रोपांच्या चिरा उघड्या राहून सुकल्या होत्या, म्हणून त्यांच्या मागच्या बाजूला नव्या पाडून त्यांत डोळे भरले होते. मधुकररावांनी रांगेवरून एक चक्कर मारली. तिसऱ्या रोपाशी ते थोडे जास्त थांबले. "एकवीस दिवस," ते म्हणाले. "कोनी हात लावाचा नाई."

घरी गेल्यावर तिने चाकू तेल लावून फळीवर ठेवला. चतुराबाई जेवता जेवता तिकडे बघत राहिली.

"त्याच्यासारखाच आनला," चतुराबाई म्हणाली.

"हो."

"हातात बसते का तुह्या?"

"नाई."

चतुराबाईने ताटातला शेवटचा घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला.

डोळे भरल्याच्या तेराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी आठला, रोशनी आणि रुखमा शेजारच्या, गोपालच्या रांगेत पट्ट्या बांधायला आल्या होत्या. मधुकरराव वर्ध्याला गेले होते. डोळ्याला ठेवलेला, पट्टीबाहेर डोकावणारा पानाचा देठ बोट टेकवल्यावर गळून पडला तर डोळा लागला, चिकटून सुकला तर मेला, हे दोघींना ठाऊक होतं. रुखमाने कोणाला न विचारता रोशनीच्या रांगेतल्या चार देठांना बोट लावलं. दोन गळून पडले. एक चिकटून होता. चौथा हलला, पण पडला नाही.

"अजून पाहू का?" तिने विचारलं.

"नको," रोशनी म्हणाली.

पट्ट्या पुढच्या आठवड्यात, बुधवारी उघडणार आहेत. चाकू फळीवर आहे, पिशवी खाटेखाली. रांगेच्या खुंटीला अजून चिंधी नाही.