परातीचं टोपरं

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काय काय उरलंय ते तिला पाठ होतं. तसं तिला बरंच काही पाठ असायचं. बाळाने काल किती वेळा दूध ओढलं, खिडकीची कडी लागलीये की नुसती टेकलीये, दवाखाना किती वाजता बंद होतो. डब्यात पांढऱ्या अॅक्रिलिक लोकरीचे अडीच गुंडे होते. गरोदरपणात हौसेने दुलई विणायला घेतली, ती चार बोटं झाली नाही तोच बाळ महिनाभर आधी येऊन ठेपलं, त्यातलेच हे. शिवाय थोडी पिवळी, थोडी पोपटी, तीही तशीच. आणि सगळ्यांत खाली सासऱ्यांच्या स्वेटरची जाड, तपकिरी, अस्सल लोकर. सासरे गेल्यावर सासूबाईंनी तो स्वेटर उसवून ठेवला होता. "कोपरं तेवढी झिजली होती," त्या म्हणायच्या, "बाकी शेवटपर्यंत धड. स्वेटरही आणि हेही."

या उरल्यासुरल्यातून तिला, दर मंगळवारी बाळाचं वजन करायला घरी येणाऱ्या दवाखान्यातल्या सिस्टरांसाठी काहीतरी विणायचं होतं, तेही येत्या मंगळवारच्या आत. कारण तो सिस्टरांचा शेवटचा मंगळवार होता. त्यांची दुसऱ्या भागात बदली झाली होती.

सहा महिन्यांपूर्वी बाळ घरी आलं तेव्हा पुरतं दोन किलोचंही नव्हतं. बापाने लाडाने नाव ठेवलं पावशेर. सासूबाई आठवडाभर त्याच्याशी धड बोलल्या नाहीत आणि मग स्वतःच त्याच नावाने हाका मारायला लागल्या. दर मंगळवारी चार वाजता जिन्यात खण्ण खण्ण आवाज यायचा. सिस्टरांच्या पिशवीतली वजनकाट्याची स्टीलची परात पायरीगणिक काट्यावर आपटायची. तो आवाज ऐकला की ती मागच्या मंगळवारचा आकडा पुटपुटायला लागायची. मग त्या थंडगार परातीत पावशेर टेकली रे टेकली की टाहो फोडायची, आकडे थरथरायचे आणि ही श्वास धरून उभी राहायची.

तिसऱ्या मंगळवारी वजन वाढायच्या ऐवजी चाळीस ग्रॅम घटलं होतं. दर दोन तासांनी चमच्याने दूध पाजा, सिस्टर शांतपणे सांगत होत्या, आणि हिचा तोल गेला.

"तुमचं काय जातंय सांगायला? तुम्ही काटा उचलाल आणि पुढच्या घरी जाल."

सासूबाई दारातच थिजल्या. सिस्टरांनी मात्र एवढंच विचारलं, की सकाळपासून तुम्ही काय खाल्लंत? हिला आठवेना. तेव्हा त्या पुढच्या घरी गेल्याच नाहीत. बाळ खांद्यावर घेऊन लोखंडी खुर्चीत बसून राहिल्या, हिचं ताट रिकामं होईपर्यंत. पुढच्या मंगळवारी वजन वाढलं. त्यानंतर वाढतच गेलं. पण माफ करा म्हणायचं आज राहिलं, उद्या राहिलं, आणि आता उद्याच उरला नव्हता.

एकदा बोलता बोलता सिस्टर म्हणाल्या होत्या, दवाखान्यातलं लोखंडी स्टूल फार गार लागतं. हिने ते नेमकं टिपून ठेवलं होतं. म्हणून स्टुलासाठी गोल बैठक करायचं ठरलं. पावशेर निजली की क्रोशाची सुई हातात. मधोमध पांढरे फेर, मग पिवळे, पोपटी, आणि बाहेरचे सात फेर सासऱ्यांच्या तपकिरी लोकरीचे. ती लोकर मागताना ती जरा चाचरली होती. सासूबाईंनी गुंडा सरळ तिच्या मांडीत टाकला. "घे. त्या बाईने माझी नात वाढवली. यांनी स्वतः अंगातून काढून दिला असता."

रविवारी शेवटची गाठ बसली. बैठक टेबलावर ठेवली तर भाकरीसारखी सपाट. आणि सोमवारी सकाळी, सासूबाई भाजी आणायला गेलेल्या असताना, तिच्या मनात आलं की सिस्टर लहान लहान बाळांना हात लावतात. डब्यात वर्षभराची धूळ असणार. या घरात बाटल्या उकळायच्या, चमचे उकळायचे, खुळखुळाही उकळला गेला होता. बैठकीनेच काय घोडं मारलं होतं? तिने ती कढत पाण्यात टाकली, साबण लावून खसाखसा चोळली आणि पिळली.

उलगडून पाहते तर काय, मधला पांढरा भाग होता तसाच आणि बाहेरची तपकिरी लोकर आटून घट्ट झालेली. काठ आत ओढले जाऊन सगळ्याचा खोलगट वाडगा झाला होता. ओढून पाहिलं, ताणून पाहिलं. ढिम्म.

सासूबाई आल्या तेव्हा ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून रडत होती.

"अस्सल लोकर, आणि कढत पाण्यात?" त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, तुझ्या हाती सापडले तर तू मलाही उकळून काढशील."

"आई, उद्या मी त्यांना काय देऊ?"

सासूबाईंनी पदर खोचला. ओली बैठक झटकली, स्वयंपाकघरातली कणकेची परात पालथी घातली आणि ताणून सरळ होते का बघायला बैठक तिच्यावर ओढली. ती सरळ झाली नाही. परातीला मात्र टोपऱ्यासारखी गच्च बसली.

टोपरं उलटं केलं की परातीचं अस्तर झालं असतं, आणि सिस्टरांची परात तर कायम थंडगार. मग हिने फोन उचलला. दर मंगळवारी परातीतल्या पावशेरचा फोटो काढायची तिची खोड होती. नवरा त्यावरून चिडवायचा. पंचवीस फोटो, आणि त्यातली ती परात घरातल्या परातीएवढीच, फार तर बोटभर मोठी. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा बघितलं. "ओली आहे तोवर बोटभर ओढू," एवढंच म्हणाल्या आणि एक काठ धरला.

मंगळवारी चारला जिना खणखणला. सिस्टरांनी परात काट्यावर ठेवली तशी तिने ते लोकरीचं अस्तर पुढे केलं. त्याला एक चिठ्ठी टाचलेली होती: शहाण्णव ग्रॅम वजा करणे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चार वेळा मोजून लिहिलेलं. सिस्टरांनी चिठ्ठी वाचली आणि त्या खुदकन हसल्या. बटण दाबून काटा शून्यावर आणता येतो, हे सहा महिने टक लावून बघणाऱ्या हिला ठाऊकच नव्हतं.

अस्तर आत बसलं. सिस्टरांनी काठावरून बोट फिरवलं आणि हे आटवलंय का, असं विचारलं. चुकून, ती म्हणाली. पण चांगलंच झालं, सिस्टर म्हणाल्या, जेवढं आटायचं तेवढं आटलं, आता प्रत्येक घरानंतर गरम पाण्यात धुता येईल.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि पावशेरला पुढे केलं.

पावशेर परातीत टेकली. हिने सवयीने श्वास धरला. पावशेरने तपकिरी काठ मुठीत पकडला, चोखायला तोंडाकडे ओढला, आणि आकडे एका जागी ठरले. सिस्टर वजन वहीत लिहीत होत्या आणि ही आज आकड्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होती.

"सिस्टर, त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले. माफ करा मला."

सिस्टरांनी कोणता दिवस म्हणून विचारलं नाही.

"बोललात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "गप्प बसणाऱ्या आयांची मला जास्त धास्ती वाटते. आणि तुम्ही त्या दिवशी ताट अगदी पुसून खाल्लं होतंत."

"तुम्ही बसला होतात म्हणून," ती म्हणाली. तिने पावशेरला परातीतून उचललं. सिस्टरांनी तिच्या हातावर थोपटलं, अस्तर काढून परातीच्या बुडावर टोपऱ्यासारखं ओढलं, ती पिशवीत घातली, पावशेरच्या तळव्याला गुदगुली केली आणि निघाल्या.

ती बाळाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. खण्ण ऐकायला कान लावून. एक मजला झाला, दुसरा झाला. फक्त चपलांचा आवाज. पिशवीतली परात लोकरीत गुरफटून मुकाट निघाली होती.

"गेल्या का गं?" आतून सासूबाईंनी विचारलं. "आज काही वाजलं नाही."

"गेल्या, आई," ती म्हणाली, आणि तरी थोडा वेळ तशीच उभी राहिली. पावशेरच्या मुठीत तपकिरी लोकरीचा एक धागा अडकला होता. तिने तो सोडवला, आणि न धुता, तसाच डब्यात ठेवला.