हराळी रोंकाल्दोला गेली

नीवेस झानासीला मोंतेसोर्दो गावातली दोन गुपितं ठाऊक होती. पहिलं, कासाच्या बारमध्ये ‘घरची’ म्हणून मिळणारी वाइन घरची नव्हती. दुसरं, ‘हराळी’ कोण आहे. पहिलं गुपित साऱ्या गावाला माहीत होतं, पण दुसऱ्यापायी नीवेसची झोप उडायची वेळ आली.

कासा म्हणजे लोकांचं घर. आजोबांच्या पिढीनं स्वतः विटा वाहून बांधलेलं. तिथल्या बारमागच्या कपाटात, कॉफीची पोती आणि तोंबोला खेळाच्या आकड्यांची पिशवी यांच्या मधोमध, एक जुना संगणक अकरा वर्षं घरघरत होता. नीवेस टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली तेव्हा तिनं तो बसवला. वर मुक्त सॉफ्टवेअर घातलं, म्हणजे ज्याला कुणी मालक नाही आणि ज्याचं पोट कुणीही उघडून बघावं असं. गावानं त्याला ‘चौक’ हे नाव दिलं. तीनशे बारा माणसं तिथं लिहायची, भांडायची, हरवलेली मांजरं शोधायची. असे चौक इतर गावांतही होते. प्रत्येकाची चूल वेगळी, पण खिडक्या एकमेकांकडे उघड्या. बड्या कंपनीच्या दारात जाऊन उभं राहायला नको, यातच नीवेसचा सगळा स्वाभिमान साठलेला होता.

‘हराळी’ या टोपणनावानं लिहिणारी या चौकातच उगवली. नगराध्यक्ष आन्तेओ मालागुतीचा कुठलाही कार्यक्रम झाला, की सोमवारी सकाळी तिची नोंद पडायची. ‘नव्या कारंज्याचे उद्घाटन. फीत कापणे: दहापैकी नऊ. भाषण: चार. कारंजे: शून्य, कारण पाणी नाही.’ किंवा, ‘बसथांब्यावरचा बाक दुरुस्त करण्याचे वचन, तिसऱ्यांदा. पाठांतर उत्तम. कृती: पुन्हा परीक्षेस बसावे.’

गाव पोट धरून हसायचं, आन्तेओ सोडून. वसंतात निवडणूक होती, आणि लोक आता त्याला रस्त्यात थांबवून ‘काय अध्यक्ष, या आठवड्यात किती पडले?’ असं विचारायला लागले होते.

गुरुवारी तो बारमध्ये आला आणि नीवेससमोर कोपरं टेकून उभा राहिला. दोघं पहिलीपासून एका बाकावरचे.

“नीवेस, नाव सांग.”

“नाही.”

“का गं? तुमचं तर सगळं उघडं असतं ना? मुक्त अमुक, मुक्त तमुक. भाषणं तूच ठोकतेस.”

“यंत्र उघडं असतं रे बाबा, माणूस झाकलेला. तुझं बरोबर उलटं झालंय.”

बारवाला लेआर्को कप पुसता पुसता खुसखुसला. आन्तेओचे कान लाल झाले.

“ठीक आहे. शनिवारी सभेत ठराव आणतो. एक तर नाव, नाहीतर कपाट रिकामं. कपाट कासाचं आहे, तुझ्या बापाचं नाही.”

“माझ्या बापानंच बनवलंय ते,” नीवेस म्हणाली. ते खरंही होतं, पण उपयोगाचं नव्हतं. कासात सदस्यत्वाची लाल कार्डं वर करून जे ठरतं ते ठरतं. आणि ‘सभेने मागितल्यास सदस्यांच्या खऱ्या नावांची नोंदवही दाखवावी’ हा नियम अकरा वर्षांपूर्वी नीवेसनंच, लोकशाहीचा झटका आलेला असताना, स्वतःच्या हातानं लिहिला होता. निवडणुकीच्या तोंडावर अध्यक्षाविरुद्ध कार्ड वर करणारे हात किती निघतील, हे तिला न मोजताही कळत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. नाव दिलं तर शब्द मोडायचा, नाही दिलं तर चौक जायचा.

शुक्रवारी दुपारी ती कासाच्या स्वयंपाकघरात गेली. सणाच्या तोर्तेलिनी, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या चिमुकल्या गुंडाळ्या, वळायला बायका जमायच्या, पण त्या वेळी एकट्या इव्होन बाईच टेबलाशी बसल्या होत्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. अडतीस वर्षं गावाच्या शाळेत शिकवलेलं, त्यामुळे साऱ्या गावाच्या त्या बाईच. पिठाचे चौकोन करंगळीभोवती गुंडाळून त्या भराभरा बेंबीएवढ्या तोर्तेलिनी टाकत होत्या.

आणि हराळी त्याच होत्या. आन्तेओची सख्खी आई.

“बाई,” नीवेस दार लावून म्हणाली, “उद्या सभा आहे. तुम्हीच सांगून टाका ना त्याला. मुलगा आहे तुमचा, खातोय की काय!”

“खात नाही हेच तर दुखणं आहे,” बाई पुटपुटल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, “तू मला शब्द दिलायस, नीवेस.”

“दिलाय हो. म्हणून तर जीव टांगणीला लागलाय. शब्द पाळला तर चौक बंद पडतो.”

“दुसरा मार्ग नाही?”

नीवेस नाइलाजानं म्हणाली, “एक आहे. चौक सोडून दुसऱ्या गावच्या चौकात बिऱ्हाड हलवायचं. जुन्या नोंदी मागे राहतात, वाचणारी माणसं मात्र आपोआप तुमच्यामागे येतात. आणि जो गेला त्याची नोंद मी वहीतून पुसते, नियमच आहे. मग सभेनं काय वाटेल ते मागावं.”

“सगळ्यांत जवळचा चौक कुणाचा?”

“जवळचा म्हणजे…” नीवेस घुटमळली. “रोंकाल्दोचा.”

बाईंची बोटं थांबली. रोंकाल्दो नदीपलीकडे, चार किलोमीटरवर. तिथले लोक तोर्तेलिनी मलईत शिजवायचे. मोंतेसोर्दोत चोर, लबाड, नवरा सोडून गेलेली, सगळ्यांना माफी होती, मलईवाल्यांना नव्हती. चौदा वर्षांच्या असताना बाईंनी त्यांच्या फुटबॉलच्या कप्तानाला टोमॅटो मारला होता.

त्याच बाईंचा चेहरा आता वर्गात कुणाची तरी चोरी पकडल्यासारखा उजळला.

“फोन दे,” त्या म्हणाल्या. “माझा तिकडे पिठात पडलाय.”

“बाई! रोंकाल्दो?”

“आजारी मुलाला औषध कडूच द्यावं लागतं.”

पाच मिनिटांत काम झालं. नीवेसनं वहीतली नोंद पुसली आणि हात धुतले, पाप केल्यासारखे.

संध्याकाळ व्हायच्या आत गावात बोंब झाली. हराळी गेली! आणि गेली ती मलईवाल्यांकडे! त्यात रोंकाल्दोच्या नगराध्यक्षबाईंनी जखमेवर मीठ चोळलं. त्यांनी जाहीर लिहिलं, ‘मोंतेसोर्दोच्या सर्वांत शहाण्या नागरिकाचे आमच्या गावी स्वागत. आमच्याकडे कारंज्याला पाणी आहे आणि सर्व बाक शाबूत आहेत.’ खाली रोंकाल्दोच्या सहाशे लोकांचे हसरे चेहरे. हराळीनं नव्या जागेवरून पहिली नोंद टाकली, तीही आन्तेओवरच, आणि ती आता नदीच्या दोन्ही काठांवर वाचली गेली.

शनिवारी दुपारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. आन्तेओ व्यासपीठावर बसला होता, रात्रभर जागलेला दिसत होता. त्यानं ठरावाचा कागद उघडला, तोच लेआर्को उठला.

“नाव कसलं विचारतोस? घरातली म्हैस शेजारच्याच्या गोठ्यात नेऊन बांधलीस तू! आपल्या घरात बसून आपल्याला हसतात ते हसणं वेगळं. आता ते हसतायत आपल्याला!”

“मी बांधली? तीच गेली!”

“तू हाकललीस म्हणून गेली!”

सभागृह उसळलं. मागून कुणी ओरडलं की रोंकाल्दोच्या बेकरीत आज आपल्या बहिणीला पाव देताना विचारलं, ‘बसायला बाक देऊ का?’ त्यावर एवढा गोंगाट झाला की आन्तेओला घंटा तीनदा वाजवावी लागली.

“नीवेस,” तो शेवटी हरल्या आवाजात म्हणाला, “तुला तर ठाऊक आहे ना कोण ते?”

“वही सभेची आहे, ती कोरी आहे. डोकं माझं आहे.”

लेआर्कोनं नवा ठराव मांडला, हराळीला परत बोलवावं, आणि ते अध्यक्षानं स्वतः लिहावं. लाल कार्डांचं रान उभं राहिलं. स्वयंपाकघराच्या दाराशी पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंनीही कार्ड वर केलं. सगळ्यांत शेवटी, बराच वेळ इकडेतिकडे बघून, आन्तेओनं केलं.

तोंबोलाचे आकडे दाखवायच्या पडद्यावर नीवेसनं चौक उघडला. आन्तेओ दोन बोटांनी टंकू लागला. ‘आदरणीय हराळी. माझं चुकलं. परत या. तुमच्याशिवाय सोमवार मोंतेसोर्दोचा वाटत नाही.’ शेवटचं वाक्य त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते वाचून नीवेसला त्याची पहिल्यांदाच दया आली.

सगळे पडद्याकडे बघत बसले. नीवेस मात्र छताकडे बघत होती. मागे पर्सचा चाप वाजला, मग बराच वेळ काहीच नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बोटांना वेळ लागतो.

उत्तर आलं. कासात म्हाताऱ्यांसाठी सगळं मोठ्यानं वाचायची रीत आहे, म्हणून आन्तेओ उभा राहून वाचू लागला.

“‘येईन. तीन अटी. पहिली, बसथांब्यावरचा बाक गुरुवारपर्यंत.’ मंजूर. ‘दुसरी, कासात पुन्हा कुणाचं नाव विचारायचं नाही.’ मंजूर, मंजूर. ‘तिसरी…’”

तो अडखळला.

“‘तिसरी. रविवारी फिती कापायच्या नाहीत. रविवारी साडेबाराला जेवायला यायचं. हात धुऊन. सात महिने झाले…’”

त्याचा आवाज खाली गेला आणि पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. नीवेसनं हळूच सभागृहावर नजर फिरवली. तिनं वर्षभर जिवापाड जपलेलं गुपित फुटलं होतं, आणि एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. लेआर्को खिडकीबाहेर बघत होता. बाकीचे आपापले बूट तपासत होते. गावात एकट्या आन्तेओलाच ठाऊक नव्हतं.

तो आपल्या रिकाम्या हाताकडे बघत उभा राहिला. मग त्यानं खिशातून लाल कार्ड काढलं आणि वर धरलं.

“मंजूर,” तो कसाबसा म्हणाला.

“मोठ्यानं वाच, आन्तेओ,” स्वयंपाकघराच्या दाराशी आवाज आला. “मागे ऐकू येत नाही.”

आन्तेओनं नाक ओढलं, सरळ उभा राहिला, आणि पहिलीतल्या पोरासारखं शब्दाशब्दाला थांबत पुन्हा वाचलं, “रविवारी. साडेबाराला. हात धुऊन.”