चढावर कोण घसरलं

मित्रांनो, मी एक जुना क्लच आहे आणि आज माझं डोकं भयंकर फिरलेलं आहे. तुम्ही पायाने दाबता ते नुसतं माझं पेडल. मी आत असतो, इंजिन आणि गिअर यांच्या मधे. मी घट्ट धरलं तर गाडी चालते, माझी पकड सुटली तर इंजिन नुसतं बोंबलतं.

मलेशियातल्या मुआर गावच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमधल्या पांढऱ्या गाडीत मला बसवलं, तेव्हा माझा काय थाट होता! "ह्या गाडीत बसलेला चढावर नापास होत नाही," असं लोक म्हणायचे. मग ऑटोच्या, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या, बिनक्लचच्या गाड्या आल्या. त्यांना सावली, त्यांना रोज अंघोळ. आम्ही उन्हात. मालक म्हणाला, "मॅन्युअलला आता येतं कोण? चालतंय तोवर चालू दे." मी झिजलो, जळका वास मारायला लागलो. कोणी ढुंकून पाहिलं नाही.

अशात काक रोहायू आली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला काक म्हणतात, तिला सगळेच म्हणायचे. तिच्या हातचं ओतक-ओतक, केळीच्या पानात भाजलेली मसाल्याची मासळी, तीन बाजारांत खपायचं. नवऱ्याची दृष्टी गेली आणि घरची व्हॅन दारात उभी राहिली. व्हॅन गिअरची. ऑटोच्या लायसन्सवर ती चालवता येत नाही, कायदाच आहे तसा. म्हणून ह्या बाईला मॅन्युअलच हवं होतं. नाहीतर व्हॅन आणि धंदा दोन्ही धाकटा दीर तुकिमान गिळायला टपलेलाच होता.

काय सुरेख शिकली ती! पण चढावर पिवळ्या रेघेशी थांबून, हँडब्रेक सोडून पुढे जायचं म्हटलं की माझी पकड सुटायची.

"काक, अर्धा क्लच! अर्धा म्हणजे अर्धा, पाव नाही!" शिकवणारे चिकगू, म्हणजे मास्तर, शुक्री ओरडायचे.

"अर्धाच सोडलाय हो, चिकगू! गाडीच ओढत नाही!"

"गाडीला नावं ठेवू नका. बायकांच्या पायाला गिअर झेपत नाही, काक. ऑटो घ्या. त्यात आजीबाईसुद्धा पास होतात."

परीक्षेत ती दोनदा मागे घसरली. मी जिवाच्या आकांताने धरत होतो हो! तारेच्या कुंपणापलीकडे तुकिमान पिशवीतला गार चहा चोखत उभा. "वहिनी, उगाच कशाला हट्ट? व्हॅन मी बघतो की!"

शेवटी तिने ऑटो घेतलं आणि पहिल्या फटक्यात पास झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही. त्याच संध्याकाळी तुकिमानने व्हॅन नेली. आता मासळी ती भाजते आणि बाजारात मालक म्हणून तो मिरवतो. "वहिनीला साधा चढ चढता येईना," असं गिऱ्हाइकांना सांगत हसतो.

आज सकाळी ती लायसन्स न्यायला आली. नेमके तेव्हाच चिकगू एका नव्या मुलीला चढ करून दाखवत होते. हँडब्रेक सोडला आणि गाडी सरळ मागे, थेट खांबावर! चिकगू हसतच उतरले. "मेलाय हा क्लच! मालकाला सांगून सांगून थकलो."

काक रोहायू तिथेच उभी होती.

"कधीपासून सांगताय, चिकगू?"

"अहो, गेल्या हरी रायाच्या ईदेआधीपासून..." आणि चिकगूंची जीभ अडखळली.

"म्हणजे माझ्या परीक्षेच्या आधीपासून."

"जाऊ द्या ना काक, झालं गेलं. पास झालात ना?"

"तुम्हाला माहीत होतं! रोज माझ्या शेजारी बसत होतात आणि दोष माझ्या पायाला देत होतात!" तिने ऑटोच्या गाडीचं दार खाडकन उघडलं. "बसा."

"कुठे?"

"बाजारात. तुकिमान असेल तिथे, माझ्याच व्हॅनला टेकून. ज्यांच्यासमोर तो मला हसला, त्यांच्यासमोर सांगायचं, गाडी का घसरत होती ते."

"काक, माझा क्लास आहे..."

"बसा म्हणते ना! मी चालवते."

चिकगू शेजारच्या सीटवर बसले. गाडी फाटकातून गेली, तेव्हा खाली गेलेली मान त्यांना वर करता येत नव्हती.

बाजारात काय झालं, मला ठाऊक नाही. व्हॅन परत मिळाली तरी ती चालवायला तिला पुन्हा मॅन्युअलची परीक्षा द्यावी लागेल. ती देईल. माझा संताप संतापच राहील. मित्रांनो, झिजणं माझ्या हाती नव्हतं, मला बदलणं तुमच्या हाती होतं. एखाद्याला "तुला जमत नाही" म्हणण्याआधी, आपण त्याला काय दिलंय ते तरी बघा! मला भंगारात फेका, मी हूं की चूं करणार नाही. पण ती नवी मुलगी उद्या सकाळी पुन्हा येणार आहे. ती गाडीत बसायच्या आत मला काढा.