खुणेची चिठ्ठी

माझी धाकटी बहीण अंथरुणाला खिळली आणि डॉक्टरांनी आवाज खाली आणून बोलायला सुरुवात केली, तेव्हा तिने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. येत्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ख्रिस्ताच्या मरणाचा पाठ मंडळीपुढे त्याने वाचावा.

"रोज संध्याकाळी वाचतोच की तुला," तो म्हणाला.

"घरी मी ऐकते. तिथे त्यांनी ऐकायला हवं."

'त्यांनी' म्हणजे कुणी, हे तिला, त्याला आणि खुर्चीत अवघडून बसलेल्या मलाही ठाऊक होतं.

माझा हा मेव्हणा शिंपी. हाताला कसब असं की गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत याने नजरेनेच माप घेतलेलं असे. आवाज भरदार आणि गोड. पण तरुणपणी पत्त्यांच्या नादी लागला. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत त्याने बहिणीला एक निळा कोट शिवला होता. लोकरीने तिची मान लाल व्हायची, म्हणून कॉलरला आतून मऊ कापडाचं अस्तर. एका संध्याकाळी तो कोट खुंटीवरून गेला. पुढे एका रविवारी उपासनेत तिच्या पुढच्याच बाकावर एक बाई तो घालून बसली. त्या बिचारीला काय माहीत? तिच्या नवऱ्याने डावात जिंकून आणला होता. बहीण सबंध उपासनाभर ती कॉलर बघत राहिली आणि बाहेर पडताना त्या बाईला म्हणाली, "छान बसलाय हो तुम्हाला."

ज्यांना माहीत होतं त्यांनी माना खाली घातल्या. त्या माना तिच्यासमोर पुढे कितीतरी वर्षं वर झाल्या नाहीत.

त्याच रविवारी शिंपी रिकाम्या मंदिरात गुडघ्यांवर बसला आणि त्याने शपथ घेतली. पत्ता, फासा, सोडत, पैज, कशालाही हात लावणार नाही. ती त्याने पाळली, इतकी की तो लोकांच्या चेष्टेचा विषय झाला. शेजारच्या मुलांनी सापशिडी मांडली की हा उठून जायचा. कुणी विचारलं, "काय, आज पाऊस येईल का?" तर म्हणायचा, "मी पैज लावत नाही बुवा."

आता अडचण अशी की आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारचा वाचक चिठ्ठीने निवडतात. फार पूर्वी दोन घराण्यांत या मानावरून भांडण जुंपलं, तेव्हाच्या पाळकांनी तोड काढली. लाकडी वाडग्यात कोऱ्या चिठ्ठ्या, एकीवर क्रुसाची खूण. इच्छा असेल त्याने स्वतःच्या हाताने उचलायची. खूण निघेल त्याला देवाने बोलावलं, असं समजायचं.

शिंपी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाकडे गेला. न उचलता वाचू द्याल का, असं विचारायला. मला सोबत नेलं, कारण मंदिरातलं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे असतं आणि त्यामुळे मला शास्त्र कळतं असा लोकांचा गैरसमज आहे.

"एकाला सूट दिली की उद्या दहा जण येतील," बेकरीवाले म्हणाले. मंडळात तेच ज्येष्ठ. "अरे, चिठ्ठी आहे ती, विंचू नाही. घाल की हात!"

"मी शपथ घेतलीय."

"जुगाराची! हा काय जुगार आहे? जुगारी नशिबाला विचारतो. आपण देवाला विचारतो."

"मीही देवालाच विचारायचो," शिंपी म्हणाला. "प्रत्येक डावाला. माझ्याइतकी कळवळून प्रार्थना तुम्ही कधी केली नसेल."

पाळक वयाने लहान, सालस. ते माझ्याकडे वळले. "काका, शास्त्र काय म्हणतं?"

मी म्हणालो, प्रेषितांनी आपल्यातली रिकामी झालेली एक जागा भरायला चिठ्ठ्या टाकल्या, त्याआधी प्रार्थना केली. आणि क्रुसाखाली शिपायांनीही टाकल्या, प्रभूच्या झग्यासाठी.

"म्हणजे चालतं की नाही चालत?"

मी चष्मा पुसायला घेतला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

"दादांना विचारायचं म्हणजे आणखी दोन पुस्तकं आणावी लागतील," बेकरीवाले म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो. शिंपी तेवढा हसला नाही.

घरी बहिणीने सगळं ऐकून घेतलं. "एकदाच," ती म्हणाली. "माझ्यासाठी. मग देवाला मी सांगेन काय सांगायचं ते. मी तुमच्या आधीच जाणार आहे."

शिंप्याने तिचं पांघरूण नीट केलं आणि मान डोलावली.

चिठ्ठ्यांच्या रविवारी तिला चाकाच्या खुर्चीवरून नेलं. वाडगा फिरत आला. शाळेतल्या मास्तरांनी उचलली, कोरी. औषधांच्या दुकानवाल्याने उचलली, कोरी. शिंप्याने डोळे मिटून ओठ हलवले, हात घातला, उलगडली. खूण होती.

मी त्याच्या समोर होतो, म्हणून मला दिसलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत रक्त चढलं. वाकलेली मान ताठ झाली. नजर आधी मास्तरांच्या कोऱ्या कागदावर गेली, मग दुकानवाल्याच्या, मग वाडग्यात उरलेल्यांवर. अगदी शेवटी बायकोकडे. त्या क्षणी तो तरुण दिसत होता, देखणाही. बहीण त्याच्याकडेच बघत होती. तिने पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

घरी तिला अंथरुणावर निजवलं आणि तो तिथेच जमिनीवर बसला.

"हात तुझ्यासाठी घातला होता," तो म्हणाला. "पण बाहेर काढला तेव्हा मला तू आठवलीच नाहीस."

"माहितीये. जिंकून घरी यायचात ना, तोच चेहरा होता."

"मी चिठ्ठी परत करतो."

"नका करू."

"अगं, असं मिळवलेलं तिथे उभं राहून वाचू कसं?"

"तोंडाने!" आजारपणात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तेव्हा जिंकायचं म्हणून माझं नेलंत. आता हरायचं म्हणून नेताय. माझ्या वाट्याला खुंटीच रिकामी!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "दादा, तुम्ही सांगा."

मला दोघांचंही पटत होतं. हेच माझं दुखणं आहे, आयुष्यभराचं. त्याची शपथ खरी होती, तिची भूकही खरी होती, आणि एवढ्या पुस्तकांतून मला एक ओळ सापडेना जी या दोघांच्या मध्ये ठेवता येईल. मी म्हणालो, "मला नाही कळत रे." तो उठला, चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि पाळकांकडे गेला.

बहिणीने भिंतीकडे तोंड फिरवलं. तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. माझ्याशी बोलायची, तेही "पाणी" किंवा "खिडकी लावा" एवढंच. चौथ्या दिवशी तो तिचे केस विंचरत होता, तेव्हा म्हणाली, "शुक्रवारी न्याल ना मला?"

"नेतो."

"वाचणार कोण?"

"मास्तर."

"देवा!" ती म्हणाली. "मरणाचा पाठ हजेरी घेतल्यासारखा वाचतील." आणि तो हसला. मग तीही, खोकला येईपर्यंत.

शुक्रवारी मास्तरांनी खरोखरच हजेरी घेतली. आम्ही शेवटून दुसऱ्या बाकापाशी होतो, तिची खुर्ची बाकाच्या कडेला, शेजारी तो. पाठ त्याला अर्थातच पाठ होता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, त्याचे ओठ हलताहेत. आवाज नव्हता, श्वास तेवढा. बहिणीच्याही लक्षात आलं. तिने खुर्चीतून हळूहळू झुकत कान त्याच्या तोंडाशी नेला आणि त्याने मान तिच्याकडे वळवली.

झग्याची ओळ आली. तो झगा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला, म्हणून शिपायांनी फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या. मास्तर पुढे गेले. शिंपी तिथेच थांबला. त्याचे ओठ एकदा उघडले आणि तसेच राहिले. बहिणीने त्याचा हात धरला आणि ती ओळ तिने स्वतः पुटपुटली, त्याच्याऐवजी. मग त्याला पुढचं वाचता आलं.

पुढच्या बाकांवरचं कुणी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी ऐकायला हवं होतं, ते त्यांना ऐकू आलं नाही.

ती पावसाळ्याआधी गेली. चिठ्ठ्यांचा वाडगा अजून फिरतो. तो यायच्या आधी शिंपी उठून बाहेर जातो आणि कुणी त्याला टोमणा मारत नाही. त्याने केलं ते बरोबर होतं का, हे मी अजून शोधतो आहे. माझ्या कपाटात तरी ते नाही.

यंदाच्या उत्तम शुक्रवारी मी त्याच्या मागे बसलो होतो. वाचणारे औषधवाले होते, बरं वाचत होते. शिंप्याचे ओठ हलत होते. बाकाच्या कडेला, जिथे खुर्ची लावली होती, तिथे आता कुणी नव्हतं. त्याची मान तिकडे वळलेली होती.