गंजाचं कौतुक

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बंद कारखान्यांचे फोटो काढतो. आमची सूतगिरणी बंद पडली, तेव्हा हे महाशय साधी चौकशी करायलाही फिरकले नाहीत. काल मात्र मला तिथे घेऊन गेले. माझ्याच जुन्या यंत्रावर हात फिरवत म्हणाले, "ताई, काय सुंदर गंज चढलाय! इथे उभ्या राहा. चेहरा जरा उदास करा."

मला हसू आवरेना.

"हसू नका हो, सगळा फोटो बिघडतो!"

"जावईबापू, उदास व्हायचं ते मी तेव्हाच होऊन घेतलं."

मी त्यांचं लेन्स पुसायचं मऊ फडकं उचललं आणि खसाखसा गंज घासायला लागले. ते अक्षरशः किंचाळले. परतीच्या वाटेवर चकार शब्द बोलले नाहीत. तेवढीच माझ्या कानांना विश्रांती मिळाली.