सर्वपित्रीची नवरी

नवा फोन घेतला आणि आठवडाभरात माझ्या प्रत्येक नवरीची दोन दोन लग्नं लागायला लागली. किंजलची हळद दोनदा, दीपिकाचं लग्न दोनदा. फोनच्या कॅलेंडरात एक निळ्या रंगात, एक हिरव्या. मी बोईसरला नवरीचा मेकअप करते. तारखा हाच माझा धंदा. एक तारीख चुकली तर नवरी तशीच मांडवात बसते आणि माझं नाव पंचक्रोशीत घाण होतं.

तसं ते घाण झालंच होतं. पावसाळ्यात तीन जणींनी ठरलेली तारीख मोडली. कारण कुणी सांगेना. शेवटी उमरोळीच्या तानीकाकूंना गाठलं. लेकीची तारीख त्यांनीच मोडली होती.

"स्वाती, राग नको मानू," त्या म्हणाल्या. "एडवणच्या सलोनीचं तोंड सुजलं ना तुज्या मेकअपनं? आमाला पोरीचं बघायला लागतं."

सलोनीचं तोंड! अहो, त्या पोरीने खूश होऊन लग्नानंतर मला पिशवी भरून सुके बोंबील पाठवले होते. हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तानीकाकूंनी विषयच बदलला.

त्याच संध्याकाळी दुकान बंद करून फोन घेऊन बसले. बंद करून चालू केला. सिंक बंद केलं, चालू केलं. एक हिरवी नोंद पुसून बघितली, निळी जागच्या जागी. मग सेटिंगमध्ये खाती उघडली आणि ट्यूब पेटली. एक खातं माझं, नवं. जुन्या फोनातल्या सगळ्या तारखा मी त्यात उतरवून घेतल्या होत्या. दुसरं 'स्वाती-रूपल', आमच्या दोघींच्या जुन्या पार्लरचं. दोन्ही खाती चालू, म्हणून सगळं दोनदा. रूपल वर्षापूर्वी वेगळी झाली, पालघरला स्वतःचं पार्लर टाकलं. मी मात्र जुन्या फोनात तारखा त्याच खात्यात भरत राहिले. माझाच गाढवपणा.

जुनं खातं काढलं की झालं. बोट ठेवलंही होतं. म्हटलं, आधी ताडून बघू, काही राहायला नको. किंजलची निळी नोंद उघडली: नाव, नंबर, गाव. हिरवी उघडली: नाव, नंबर, गाव आणि खाली एक ओळ जास्तीची. 'फोन केला. सलोनीचं सांगितलं. उद्या कळवतील.'

ती ओळ मी लिहिली नव्हती. पासवर्ड आणखी एकीलाच माहीत होता, आणि भरलेली नोंद मी परत उघडत नाही, हेही तिलाच.

मेली! आधीच्या तिघींच्याही नोंदीत असंच काहीतरी असणार, पण मोडलेल्या तारखा मी रागारागाने न उघडताच पुसत आले होते. हिला ब्रश धरायला मी शिकवलं. हिच्या लग्नात हिला मी नटवलं. हिचा वाढदिवस विसरायला नको म्हणून दरवर्षीसाठी कॅलेंडरात मी टाकला. तोही आता दोनदा दिसत होता. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

माझा नवरा प्रदीप म्हणाला, "पासवर्ड बदल, खातं उडव आणि सोड विषय."

"सोडते होय! काट्याने काटा काढायचा," मी म्हटलं.

हिरव्या कॅलेंडरात मी एक नवी नोंद भरली. नवरी नर्मदाताईंची मुलगी, गाव केळवे. नऊ ऑक्टोबरला हळद, दहाला लग्न, शिवाय आठ वऱ्हाडणींचा मेकअप. नंबर एडवणच्या माझ्या नर्मदा मावशीचा. मावशीला रूपल ओळखत नाही आणि मावशीच्या पोटी मुलगी नाही, तीन मुलगेच.

आता भिंतीवरचं कॅलेंडर बघा. दहा ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या. पितृपक्षात आपल्याकडे कुणी साधी साडी घेत नाही, लग्न कुठलं लावतंय! पण रूपलला भिंतीकडे बघायला सवड कुठली? ती माझ्या कॅलेंडरात डोकं घालून बसलेली.

दुसऱ्याच दिवशी मावशीला तिचा फोन गेला. मावशी पक्की, मी आधीच पढवून ठेवलेली. "आता कामात हाय. उद्या चार वाजता कर, घरात समद्या बायका असतील, सगळ्यांसमोर ठरवू," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तानीकाकूंना आणि किंजलच्या आईला रिक्षात घालून एडवणला नेलं. मावशीच्या ओटीवर सलोनी आधीच येऊन बसली होती. चारला फोन वाजला. मावशीने स्पीकर लावला.

"ताई, तारखा मी लिहून ठेवल्यात, नऊला हळद, दहाला लग्न," रूपलचा आवाज कसा साखरेत घोळलेला. "अहो, मला कुणाची चहाडी करायची नाही, स्वाती माझी मैत्रीणच. पण ती ब्रश धूत नाही. एडवणच्या सलोनीचं तोंड हे एवढं सुजलं. मांडवात रडली बिचारी."

तानीकाकूंनी कपाळावर हात मारला. "आमाला पन हेच बोललेली! शब्दाला शब्द!"

सलोनीने फोन ओढून घेतला. "रूपलताई, मी सलोनीच बोलते. माजं तोंड कदी सुजलं ओ?"

पलीकडून 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाही' सुरू झालं.

"आनि काय गं बाय," मावशी वाकून म्हणाली, "सर्वपित्रीला लगीन? नवरीला नटवनार का पितरांना?"

ओटीवर हशा उसळला. सगळ्यात मोठ्याने मी हसले. फोन कट झाला. किंजलच्या आईने तिथल्या तिथे तारीख पक्की केली. तानीकाकू तर माझा हात सोडेनात, लेकीची तारीख परत घ्यायला लावलीच. मी बोईसरला पोचायच्या आधी ही गोष्ट पालघरला पोचली होती.

दोन दिवसांनी रूपलचा फोन आला. रडत होती.

"स्वाती, चार जणींनी माझ्याकडच्या तारखा मोडल्या गं. चुकले. पाया पडते तुझ्या. माझ्या पार्लरचं कसं होणार?"

"माझं कसं होणार, हे विचारलं होतंस?"

"अगं, पण आपण दोघी..."

"ठेव फोन."

मग जुनं खातं फोनातून काढून टाकलं. हिरवं सगळं एका झटक्यात गेलं. प्रत्येक नवरीचं एकच लग्न राहिलं. स्वच्छ कॅलेंडर वरपासून खालपर्यंत बघत गेले, तर पुढच्या आठवड्यात निळ्यात एक नोंद उरलेली: 'रूपलचा वाढदिवस'. पुसायला गेले. फोनने विचारलं, फक्त ही नोंद की यापुढच्या सगळ्या?

बोट जरा थांबलं, खोटं कशाला बोलू. मग 'सगळ्या' दाबलं.