चवळीचं रक्त

रक्त निघालं तेव्हा घोडपदेवच्या त्या चाळीमागे पाच-सहाशे माणसं उभी होती, आणि त्यातल्या निम्म्यांना ते दिसलंच नव्हतं. न दिसलेल्यांनी जयजयकार जास्त मोठ्याने केला.

ज्यांना दिसलं त्यांनी पाहिलं ते असं. श्री भूगर्भानंद महाराज नावाचे एक भगवे गृहस्थ चवळीच्या वाफ्यात उकिडवे बसले. कमंडलूतलं गंगाजल त्यांनी एका रोपाच्या बुडाशी ओतलं आणि डोळे मिटून मंत्र म्हटला. मंत्र बराच लांब होता. मग त्यांनी रोप बुंध्याशी दोन बोटांत धरून हलकेच वर काढलं, मुळं पाण्यात बुचकळली आणि उंच धरली. मुळांना मोत्यांसारखे गोल दाणे लगडले होते. त्यातला एक महाराजांनी नखाने चिरडला. नख लाल झालं.

“भूमातेचं रक्त आहे हे,” महाराज म्हणाले. “इथे देवी निजली आहे. तिच्या अंगावर दोन वर्षं कुदळ चालली. फुलावर आलेलं उभं पीक, शेंग धरायच्या आत, मातीत गाडलं गेलं. देवी रडेल नाही तर काय करील?”

शंकेला जागा राहू नये म्हणून त्यांनी शेजारच्या डब्यातला झेंडू उपटून दाखवला. त्याच्या मुळांना एकही मोती नव्हता. मग बाबुरावांना पुढे बोलावलं. बाबुराव म्हणजे गिरणीतले जॉबर, कामगारांवरचे मुकादम, आणि आमच्या भागात संयुक्त महाराष्ट्र समितीचा आधारखांब. त्यांनी चवळीचं एक रोप शेंड्याला धरून जोर लावून ओढलं. पावसाने दहा दिवस ओढ दिली होती, राखेची जमीन घट्ट आवळली होती. रोप कडकन तुटून आलं, मुळं निम्मी जमिनीतच राहिली, आणि जी आली ती खरवडल्यासारखी बोडकी.

“हात शुद्ध लागतो, बाबुराव,” महाराज प्रेमाने म्हणाले.

लाठ्या झेललेल्या आपल्या त्या हाताकडे बाबुराव संशयाने बघत राहिले.

आता ही चवळी कोणाची, ते सांगतो. चाळ आणि गिरणीची भिंत यांच्यामध्ये एक पट्टा आहे. बॉयलरची राख वर्षानुवर्षं तिथेच पडत आली. जागा नक्की कोणाची हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण ती कोणालाच नको होती. छप्पन सालच्या हरताळात चाळीतल्या दत्तारामची नोकरी गेली, आणि त्याच्या बायकोने, जाईबाईने, तिथली राख उकरायला घेतली. आषाढात तिने चवळी दाट पेरली, फुलावर आली तशी कापून मातीत गाडली, तीन आठवडे तशीच ठेवली आणि मग वांगी, मुळा, माठ लावला. चाळीतल्या बायका म्हणाल्या, हिचं डोकं फिरलं, खायचं पीक मारते. हिवाळ्यात त्यांनी तिची वांगी घेतली आणि पुन्हा काही विचारलं नाही. दत्तारामला काम अजून मिळालं नव्हतं. जाईबाईची चूल आता त्या पट्ट्यावरच पेटत होती.

यंदा तिसरं वर्ष. चवळी फुलावर आलेली, आणि आठ दिवसांत ती गाडायला हवी. शेंगा धरल्या की सगळा कस शेंगांत जातो, खोड लाकडासारखं होतं, जमिनीला काही मिळत नाही. नेमक्या त्या आठ दिवसांत महाराज उगवले आणि कुदळ बंद झाली.

त्यात दोन वर्षांपूर्वी जाईबाईच्या घरातले देव गेले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती. ज्यांनी देव सोडले त्यांनीच देवी कापली, हे वाक्य महाराज एकदाही बोलले नाहीत. त्यांनी ते लोकांना सुचू दिलं. दुसऱ्या दिवशी कौल आला: या जागी देऊळ उभं राहील त्या दिवशी मुंबई महाराष्ट्राची होईल. तोपर्यंत आमची समजूत होती की घोडं दिल्लीत अडलंय. ते चवळीत अडलं होतं. आता देवळाविरुद्ध ब्र काढणारा म्हणजे मुंबई तोडणारा, इतकं सगळं सोपं झालं.

मी या वस्तीतल्या शाळेत शिकवतो आणि समितीची पत्रकं लिहितो. साहजिकच बाबुराव माझ्याकडे आले.

“मास्तर, देवळाचं एक झकास पत्रक पाहिजे.”

मी विचारलं, तुम्हाला स्वतःला हे पटतंय का?

“पटायचं काय त्यात? गर्दी बघा. मागच्या सभेला किती टाळकी होती आपल्या? इथे न बोलावता येतायत.”

मी पत्रक लिहितो म्हटलं नाही आणि लिहीत नाही असंही म्हटलं नाही. मग जाईबाईकडे गेलो आणि शिकलेली माणसं देतात तो सल्ला दिला: अर्धी जागा सोडा, वाद मिटेल.

ती कुदळीचा दांडा ठोकून बसवत होती. “अर्ध्या जागेत देवी मावेल, मास्तर? सहा महिन्यांत पाय पसरील ती.” मग म्हणाली, “तुम्ही सगळे महाराजांच्या तोंडाकडे बघत होतात. मी हात बघत होते. शेतातला माणूस आहे तो.”

कशावरून, असं मी विचारलं. तिने मला सांगितलं ते मी इथे आत्ताच सांगत नाही, कारण रविवारी तिने ते पाचशे जणांना सांगितलं. एवढं मात्र सांगतो. तिच्या बापाने आणि आजाने गावच्या खोताच्या शेतात जन्मभर ताग गाडला. “जमीन खोताची,” ती म्हणाली, “पण ताग कधी गाडायचा ते विचारायला खोत आमच्या दारात यायचा. दाराबाहेर उभा राहायचा, पण यायचा.”

रविवारी सकाळी भूमिपूजन होतं. नारळ आले, फावडं आलं, महाराज आले. गर्दीतून वाट काढत जाईबाई पितळी लोटा घेऊन वाफ्यात येऊन उभी राहिली. कोणी तरी ओरडलं, बाई, बाजूला हो.

“बाई, तुझा स्पर्श इथे…” महाराजांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

“बोला ना महाराज. पुढचंपण बोला. मोठ्याने बोला.”

 समितीच्या झेंड्याखाली सगळ्या जातींची माणसं उभी होती, आणि तो शब्द उघड बोलायची सोय नव्हती.

जाईबाई बाबुरावांकडे वळली. “भाऊ, त्या दिवशी तुमच्या हातून मोती निघाला नाही. आज निघेल. पाणी चाळीच्या नळाचं आहे. लोटा माझा आहे. चालत असेल तर घ्या.”

तिने लोटा पुढे धरला. बाबुराव आणि दत्ताराम मोर्चात हातात हात गुंफून चालले होते, एकाच लाठीखाली पडले होते. पण दत्तारामच्या घरातला लोटा हातात घ्यायची वेळ बाबुरावांवर कधी आली नव्हती. पाचशे माणसं बघत होती. महाराजही बघत होते, आणि मला वाटतं, त्यांचा सगळा भरवसा त्या एका क्षणावर होता.

बाबुरावांनी लोटा घेतला.

“बुडाशी ओता. तळाशी थोडं राहू द्या. आता थांबा, मुरू दे.” जाईबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “महाराजांचा मंत्र चालतो ना, तेवढा वेळ. तो मंत्र नाही, पाणी मुरायचा वेळ आहे. सुक्या मातीतून ओढलं की मुळं तुटतात, गाठी खरवडून जातात. माती भिजली की सगळ्या वर येतात. आता धरा. शेंडा नको, बुंधा धरा.”

रोप अलगद वर आलं. बाबुरावांनी मुळं लोट्यातल्या उरल्या पाण्यात खळखळवली. मोतीच मोती. त्यांनी एक चिरडला आणि अंगठा वर धरला. लाल.

महाराज तयारीचे होते. म्हणाले, देवीने बाबुरावांना कौल दिला, त्यांचं भाग्य उघडलं.

“मग देवी नाही तिथे बघू,” जाईबाई म्हणाली. “पोलीस चौकीच्या कुंपणाला वाल लावलाय.”

सगळी गर्दी चौकीवर गेली. एवढा मोर्चा कशाचा, म्हणून हवालदार बुधाजी आधी दार लावून घेत होता. वालाचा एक वेल हवाय म्हटल्यावर तो बराच वेळ विचारात पडला, कारण याबद्दल त्याला वरून काहीच सूचना नव्हती. शेवटी त्याने डोळेझाक केली. पाणी ओतलं, थांबलो, वेल उपटला. मुळांना गाठी. चिरडल्या. लाल.

 मग चाळीतली म्हातारी राधाबाई गंभीरपणे म्हणाली, “म्हणजे देवी सरकारला फितूर झाली म्हणायची.”

आधी बाबुराव हसले, मग सगळेच हसले. भूगर्भानंदांचं काय झालं ते कोणी पाहिलं नाही. आम्ही परत आलो तेव्हा नारळ होते, महाराज नव्हते.

दुपारी गिरगावहून माझी बहीण सुमती आली. ती वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला मी मदतीला बोलावलं होतं, आणि ती उशिरा पोहोचली, विद्वत्ता नेहमी पोहोचते तशी. पण कारण तिने नीट सांगितलं. चवळी, वाल, मूग, ताग यांच्या मुळांवरच्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. हवेतला नायट्रोजन झाडाला थेट घेता येत नाही. तो हे जंतू घेतात आणि झाडाला देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. लाल रंग गाठीतल्या एका द्रव्याचा. ते आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या नात्यातलं आहे, पण म्हणून ते कोणाचं रक्त नव्हे. झेंडूला असल्या गाठी येतच नाहीत, म्हणून महाराजांनी झेंडू निवडला. हिरवं पीक मातीत कुजलं की त्यातलं खाद्य पुढच्या भाजीला मिळतं.

जाईबाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “गाडायचं कधी, ते लिहिलंय तुमच्या पुस्तकात?”

“फुलावर आलं की,” सुमती म्हणाली.

“मग पुस्तक बरोबर आहे.”

आणि ती कुदळ घेऊन वाफ्यात उतरली. दत्ताराम उतरला. थोड्या वेळाने भूमिपूजनाचं फावडं घेऊन बाबुराव उतरले, आणि जाईबाई त्यांना ओरडली की भाऊ, एवढं वर नको, वीतभर खाली घाला. संध्याकाळपर्यंत सगळी चवळी मातीआड झाली. माझं पत्रक मी लिहिलं, ते हे.

मुंबई अजून मिळालेली नाही. मिळेल ती माणसांनी मागितली म्हणून, मार खाल्ला म्हणून, हटली नाहीत म्हणून. कोणाच्या कौलाने ती मिळणार नाही, आणि तशी मिळाली तर कोणाच्या तरी कौलाने जाईलही. तेव्हा वाचकहो, चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी हात घालून बघा. तीच गोष्ट दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसाच्या हातून, साध्या पाण्याने होते का ते बघा. आणि तुझा हात शुद्ध नाही असं कोणी म्हणालं, तर ते उत्तर समजून गप्प बसू नका. तिथून पुढे प्रश्न विचारायला लागा.